नवव्या जागेचा डाव

१

कचेरीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे पायरीवाला म्हणत, आणि ते नाव त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की बाहेर कुणी खरं नाव पुकारलं तर तोच मागे वळून बघायचा, हे कोण म्हणून.

कंपनी ऑनलाइन पोकरच्या स्पर्धा चालवायची आणि हा तिथे पायऱ्या बसवायचा. पोकरमध्ये दर डावाला दोघा खेळाडूंना पत्ते बघायच्या आधीच थोड्या चिप्स टाकाव्या लागतात, त्यातून सुटका नसते. या सक्तीच्या चिप्सना ब्लाइंड म्हणतात. स्पर्धा सरकते तसे ब्लाइंड वाढत जातात, आणि प्रत्येक वाढ म्हणजे एक पायरी. पायरी किती मिनिटांची आणि चढ किती उंच, एवढंच पायरीवाल्याने ठरवायचं.

पण या ‘एवढंच’मध्ये काय काय मावतं ते त्याला विचारा. त्याचं ठाम मत होतं की माणसाला स्वभाव वगैरे काही नसतो, असते ती पायरी. पाच मिनिटांची ठेवा, एरवी फुंकून फुंकून ताक पिणारा माणूसही हातात धड पत्ते नसताना सगळ्या चिप्स पुढे सरकवतो, कारण थांबला तर ब्लाइंडच त्याला खाऊन टाकणार असतात. तासाची ठेवा, उधळ्यातला उधळ्या देवमाणूस होतो आणि पत्ते टाकून एकामागून एक डाव सोडत बसतो. स्थळ बघताना मुलगा कसा आहे ते विचारू नये, त्याच्याकडे वेळ किती आहे ते विचारावं, असं तो म्हणायचा. त्याचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं.

नवीन पायऱ्या बसवल्या की रोज सकाळी अकरा वाजता तो त्या तपासणीच्या खोलीत चालवून बघायचा. खोली बिनखिडकीची, एक मोठा पडदा, एक खुर्ची, आणि एसीची अखंड घरघर. पडद्यावर नऊ जागांचं टेबल. आठ जागांवर आठ प्रोग्रॅम बसायचे, खऱ्या खेळाडूंच्या सवयी घोटून बनवलेले. चिकट, हावरा, घाबरट, थापाड्या... सगळी नावं त्यानेच ठेवलेली, आणि सगळी कुठल्या ना कुठल्या नातेवाइकावरून.

नववी जागा ‘गैरहजर’ची. तिच्यामागे प्रोग्रॅमच नव्हता. टेबलावर बसून मध्येच निघून जाणारे खेळाडू असतातच. त्यांची पाळी आली की त्यांचे पत्ते आपोआप टाकले जातात, ब्लाइंड मात्र कापले जातात. ते नीट कापले जातात की नाही, हे बघायला ती जागा.

मंगळवारी अकरा वाजून बारा मिनिटांनी नवव्या जागेने पत्ते टाकले नाहीत. प्रत्येकाला विचार करायला असतात ती तीस सेकंदं तिथे सुरू झाली. पायरीवाला चहाचा कप हातात धरून बघत राहिला. एकोणतिसाव्या सेकंदाला नवव्या जागेने तीनशे सत्तेचाळीस चिप्स पुढे केल्या. बाकी आठांनी पत्ते टाकले आणि तो डाव कुणीही बसलेलं नसलेल्या जागेने जिंकला.

२

“कुणी बसलेलंच नाही,” सर्व्हरवाली म्हणाली. सर्व्हरवाली म्हणजे कंपनीची यंत्रं सांभाळणारी बाई. वयाने पन्नाशीची, जिभेने दुधारी. “नऊ नंबरला ना प्रोग्रॅम लागलाय, ना बाहेरून कुणी आलंय. मी तीनदा बघितलं.”

“मग चिप्स कुणी टाकल्या?”

“तुम्हीच टाकल्या असतील कोपर लागून. झोप होत नाही तुमची. भावाचं कसं आहे?”

“तसंच.”

“मग घरी जा. पायऱ्या कुठे पळून जात नाहीत.”

कोपर लागून तीनशे सत्तेचाळीस पडत नाहीत, हे त्याने तिला सांगितलं नाही. सरळ आकडा लावायचा नाही, ही त्याच्या दादाची सवय होती. तीनशेपन्नास नाही, तीनशे सत्तेचाळीस. “सरळ आकडा टाकला की समोरचाही सरळ विचार करतो,” दादा म्हणायचा. आणि दर वेळी घड्याळ शेवटाला येईपर्यंत थांबायचा, हातात दुर्री असली तरी. लहानपणी घराच्या जिन्यात बसून दादानेच त्याला पोकर शिकवलं होतं, चिप्सच्या जागी शर्टाची जुनी बटणं घेऊन.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. एकोणीस दिवसांपूर्वी तो भावाला त्याचा विसरलेला चष्मा द्यायला कचेरीत आला होता. आलायस तर बस, म्हणून पायरीवाल्याने त्याला तपासणीच्या खोलीत नवव्या जागेवर बसवलं. दादा हरखून गेला. चार डाव झाले नाहीत तोच त्याचा फोन वाजला, कुठेतरी लिफ्ट अडकली होती, आत माणसं होती. दादा तसाच धावला. खुर्चीवरून उठला, पण टेबलावरून उठायचं पडद्यावरचं बटण दाबायचं राहून गेलं. पायरीवाल्याने मग त्या जागेवर ‘गैरहजर’ असं लिहून टाकलं. रोज नवं टेबल लावताना जागांची यादी जुनीच यायची, त्यामुळे जागा तशीच राहिली. त्याच दुपारी दादा लिफ्टच्या पोकळीत पडला. हाडं फारशी मोडली नाहीत, डोळे मात्र उघडले नाहीत.

३

रुग्णालयाची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. पलंग, पडद्याच्या कड्यांची किरकिर, उशाशी नाडी मोजणारं यंत्र. दिवसभर वहिनी बसायची. चार वाजता पायरीवाला आला की ती घरी जाऊन आंघोळ करून यायची.

त्या मंगळवारी ती जायला निघता निघता म्हणाली, “भाऊजी, आज गंमत झाली. सकाळी ह्यांचं बोट हललं.”

“कुठलं बोट?”

“उजव्या हाताचं, हे पहिलं. चादरीवर असं दाबलं, एकदाच. सिस्टर म्हणाल्या, शरीर आपोआप करतं, आशा लावून घेऊ नका. मी कसली लावतेय आशा?” आणि ती डोळे पुसत हसली.

“किती वाजता?”

“अकरा वाजून गेले होते. का हो?”

“काही नाही, सहज.”

ती गेल्यावर तो दादाच्या हाताकडे बघत बसला. माणूस कितीही शहाणा असला तरी एकदा शंका शिरली की तिला चहापाणी करतो. पायरीवाल्याने खिशातली वही काढली आणि वेळा लिहायला घेतल्या. बुधवारी वहिनीला सांगून ठेवलं, बोट हललं की घड्याळ बघा. बुधवारी अकरा पंचवीस, अकरा एकतीस, अकरा बेचाळीस. टेबलावर नवव्या जागेच्या खेळ्यांच्या वेळाही त्याच होत्या.

योगायोग तीनदा होतो का? होतो, असं तो स्वतःला म्हणाला. तीन नाणी एकसारखी पडतातच की. रात्री जेवताना तो घासागणिक हेच म्हणत होता आणि एकाही घासाला त्याचा विश्वास बसत नव्हता.

४

शुक्रवारी साहेबांनी टर्बो, म्हणजे झटपट संपणारी स्पर्धा मागितली. साहेबांचं म्हणणं सरळ होतं, जेवणाच्या सुट्टीत सुरू झालेली स्पर्धा जेवणाच्या सुट्टीत संपली पाहिजे. पायरीवाल्याने तीन मिनिटांची पायरी बसवली आणि अकराला टेबल सुरू केलं.

टर्बोत व्हायचं तेच झालं. वीस मिनिटांत घाबरटसुद्धा सगळं पुढे सरकवायला लागला. चिकटचा धीर सुटला. नववी जागा मात्र गप्प होती. एकही डाव खेळत नव्हती, घड्याळ संपू देत होती, आणि ब्लाइंड तिच्या चिप्स कुरतडत होते. अर्ध्या राहिल्या. पाव राहिल्या. तिला खेळायचंच नाहीसं दिसत होतं.

शेवटच्या दोन ब्लाइंडपुरत्या चिप्स उरल्या तेव्हा त्याचा फोन वाजला. वहिनी होती आणि तिच्या मागे कसला तरी धडधडाट होता.

“भाऊजी, लवकर या. ह्यांना काहीतरी होतंय. सगळं अंग थरथरतंय, नाडी दीडशेच्या वर गेलीय, चौघांनी धरलंय ह्यांना...”

पायरीवाल्याने मागचापुढचा विचार न करता टेबल बंद केलं. तपासणीची टेबलं मध्येच बंद करता येतात, तो रोजच करायचा. पडदा काळा झाला. फोनमधला धडधडाट थांबला.

“थांबलं,” वहिनी म्हणाली. तिचा श्वास लागला होता. “भाऊजी, आपोआप थांबलं. आत्ता अगदी शांत आहेत.”

तो त्या काळ्या पडद्यासमोर बराच वेळ बसून राहिला. दादा आज हातचा जाणार होता, आणि दोन ब्लाइंडांनी वाचला होता. यात त्याला आता तिळमात्र शंका नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी शनिवार. कचेरीत पहाऱ्यावरचा माणूस सोडला तर कुणी नव्हतं. पायरीवाल्याने एक टेबल बसवलं, कुणालाही न दाखवता, सर्व्हरच्या एका अडगळीच्या कोपऱ्यात.

मिनिटांच्या रकान्यात पाच आकडे मावायचे. त्याने पाच वेळा नऊ भरले. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव मिनिटं म्हणजे एक पायरी जवळजवळ सत्तर दिवसांची. अशा साठ पायऱ्या. सगळं मिळून अकरा वर्षांच्या वर. पहिली कित्येक वर्षं ब्लाइंड इतके किरकोळ की नवव्या जागेने पापणी हलवली नाही तरी तिचं काही बिघडणार नव्हतं. आठही प्रोग्रॅमच्या कमरेला भरपूर चिप्स बांधल्या, आणि मध्येच टेबल बंद करायची सोयच काढून टाकली, म्हणजे सर्व्हरवालीच्या हातूनही चूक नको. स्पर्धा सुरू झाल्यावर पायऱ्या बदलता येत नाहीत, हा तर कंपनीचा पहिला नियम. तोही त्याला त्या दिवशी देवासारखा वाटला.

पहिला डाव वाटला गेला आणि नवव्या जागेने पत्ते टाकले. त्याने वहिनीला फोन लावला.

“अगदी शांत,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, एवढी एकसारखी नाडी आम्ही निरोगी माणसाचीही बघत नाही.”

त्याला रडू आलं. गेल्या तेवीस दिवसांत पहिल्यांदा त्याने भरपेट जेवण केलं, आणि रुग्णालयात जाताना वहिनीसाठी फुलं घेऊन गेला. फुलं कशाला, ती म्हणाली. असंच, तो म्हणाला. दादा पलंगावर दगडासारखा स्थिर होता.

६

आठवडा झाला तेव्हा नवव्या जागेने पहिल्यांदा सगळं पुढे सरकवलं.

पायरीवाला ते टेबल दिवसातून दोनदा उघडून बघायचा, देवाला हात जोडावेत तसं. त्या दिवशी उघडलं तर नवव्या जागेपुढे सगळ्या चिप्स होत्या, ऑल-इन. बाकी आठांनी एकेक करून पत्ते टाकले. पुढच्या डावाला पुन्हा ऑल-इन. त्याच्या पुढच्याला पुन्हा. त्याने मागची नोंद काढली. पहाटेपासून चारशेच्या वर डाव झाले होते आणि प्रत्येक डावात नवव्या जागेने होतं नव्हतं ते सगळं मध्ये लोटलं होतं. एकोणतीस सेकंदांचं थांबणं नाही, वाकडा आकडा नाही. पाळी आली की लगेच, सगळं.

त्याने पत्ते बघितले. तपासणाऱ्याला सगळ्यांचे पत्ते दिसतात. दुर्री-सत्ती, तिर्री-नव्वी. जिंकण्यासाठी कुणी असं खेळत नाही. हरायला बसलेला माणूस असं खेळतो.

आणि त्याला हरवायला कुणी तयार नव्हतं. का असावं? अकरा वर्षं पडली होती. एवढा वेळ हाताशी असताना जिवावरचा धोका कोण घेतो? चिकट, हावरा, थापाड्या, सगळे पत्ते टाकून मोकळे होत होते आणि दर वेळी ब्लाइंडच्या चार चिप्स उलट नवव्या जागेच्याच पदरात पडत होत्या. चिकटने एकदा काय तो दोन एक्के घेऊन कॉल केला, म्हणजे आपल्याही चिप्स लावून सामना घेतला. तो हरला आणि त्याची जागा रिकामी झाली. आता नवव्या जागेकडे टेबलावरच्या कुणाहीपेक्षा दुप्पट चिप्स होत्या. कुणी कॉल करून जिंकलं तरी ती संपणार नव्हती.

हे सगळं पायरीवाल्यानेच तर बसवलं होतं. वेळ दिला की माणूस शहाणा होतो, हे तो वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवत आला होता. दादा बाहेर पडायला दार ठोठावत होता, आणि याने दाराशी आठ शहाणे बसवून ठेवले होते.

त्याने टेबलाचा आवाज चालू केला. तोवर तो बंदच असायचा. चिप्स सरकल्याचा खळकन आवाज, मग एकामागून एक पत्ते पडल्याचे सात मऊ आवाज, मग पुन्हा खळकन. मध्ये मध्ये आणखी एक आवाज होता, जो त्या खेळात कुणी घातलेला नव्हता. कुणीतरी खुर्ची मागे सरकवू बघत असावं आणि ती सरकत नसावी, तसा.

७

“वहिनी, एक विचारू?”

ती खिडकीशी उभी राहून दादाचे धुतलेले सदरे घडी करत होती. तो घालणार नव्हता तरी ती ते दर आठवड्याला धुवायची.

“विचारा की.”

“दादाला विचारता आलं असतं, तर तो काय म्हणाला असता? असं पडून राहणं...”

तिने हातातला सदरा पूर्ण घडी केला. बाह्या आत, कॉलर वर.

“भाऊजी, तुमचा भाऊ पंधरा मिनिटं रांगेत उभा राहत नसे. दुकानातून रिकाम्या हाताने परत यायचे, पण थांबायचे नाहीत. मला थकवा आला म्हणून नाही म्हणत मी. मी जन्मभर बसेन इथे.” तिने घडी बाजूला ठेवली. “पण गेल्या आठवड्यापासून ह्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही मला. नाडी चांगली आहे, सगळं चांगलं आहे. पण कुणी कोंडून ठेवल्यासारखा दिसतो हो चेहरा. मला वाटतं, त्यांना जायचंय. आणि आपण जाऊ देत नाही.”

उशाशी यंत्र एकसारखं वाजत होतं, आणि चादरीवर दादाचं बोट दाबलं जात होतं, सुटत होतं, पुन्हा दाबलं जात होतं.

८

मार्ग एकच होता. चिकटची जागा रिकामी होती. तपासणाऱ्याला रिकाम्या जागेवर हव्या तेवढ्या चिप्स घेऊन बसता येतं. नवव्या जागेहून जास्त चिप्स घ्यायच्या, ऑल-इनला कॉल करायचा, आणि जिंकायचं. मग दादा सुटेल. ‘सुटेल’ या शब्दाचा अर्थ त्याला पुरता माहीत होता आणि तो अर्थ घशाखाली उतरत नव्हता. आपल्या हाताने आपल्या भावाला. पण दुसरं होतं कोण?

निरोप न घेता जायला लावायचं त्याच्या जिवावर आलं. बसायच्या आधी त्याने टेबलाखालच्या गप्पांच्या चौकटीत लिहिलं, “दादा, मी बसतो चिकटच्या जागी. मी कॉल करतो तुला.”

नववी जागा थांबली.

खळकन आवाज बंद झाला. नवव्या जागेची तीस सेकंदं पूर्ण संपली आणि पत्ते पडले. पुढच्या डावालाही तसंच. तो दिवस गेला, दुसरा गेला. ऑल-इन नाही, काही नाही. वहिनी म्हणाली, ह्यांच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतंय, डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे पडल्यामुळे.

पायरीवाल्याने त्याचा अर्थ लावला. इतरांच्या खेळ्यांचे अर्थ लावण्यात त्याची हयात गेली होती, हा तर सख्खा भाऊ. दादाला त्याच्या हातून जायचं नव्हतं. धाकट्या भावाच्या माथी ते पाप नको, म्हणून दादाने हात आखडता घेतला होता. एवढा विचार दादाच करू जाणे. तो गलबलून गेला, आणि मग त्याने ठरवलं की दादाला कळूच द्यायचं नाही.

तीन दिवस त्याने चौकटीत काही लिहिलं नाही. चौथ्या दिवशी नवव्या जागेने पुन्हा सगळं पुढे लोटायला सुरुवात केली, आणि दुपारी एक वाजता चिकट टेबलावर परत येऊन बसला. नाव चिकटचं, चित्र चिकटचं. चिकट कसा खेळतो हे पायरीवाल्याइतकं कुणाला माहीत होतं? चार सेकंदं थांबायचं आणि पत्ते टाकायचे. दहा डाव तो चार सेकंदं थांबून पत्ते टाकत राहिला. आजूबाजूला बाकीचेही टाकत होते. त्या रांगेत बसल्यावर त्याला जाणवलं की कुणालाही, कशाचीही घाई नाही. ती जाणीव अंगाला चाटून गेली तेव्हा एसीची घरघर ऐकू येत नव्हती.

अकराव्या डावाला त्याला दोन तिऱ्या आल्या. नववी जागा, ऑल-इन. तो चार सेकंदं थांबला. मग त्याने कॉलचं बटण दाबलं.

पत्ते उलटले. नवव्या जागेकडे बदामची राणी आणि इस्पिकचा गुलाम. टेबलावर पाच पत्ते एकेक करून आले. राणी आली नाही. गुलाम आला नाही. दोन तिऱ्यांची जोडी वरचढ ठरली. पाचव्या पत्त्यानंतर नवव्या जागेवरच्या चिप्स सरकून त्याच्यापुढे आल्या, केवढा तरी ढीग, आणि नवव्या जागेवरचं ‘गैरहजर’ पुसलं गेलं.

“ये दादा,” तो म्हणाला.

फोन वाजला. वहिनी ओरडत होती, रडत होती, काय म्हणते ते आधी कळेना. मग कळलं.

“डोळे उघडले, भाऊजी. ह्यांनी डोळे उघडले. पाणी मागितलं माझ्याकडे.”

तो तसाच धावला.

९

दादा उशीला टेकून बसला होता. अंगात नुसती हाडं उरली होती, पण नजर पूर्वीचीच होती. पायरीवाला पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला आणि त्याने दादाचा हात धरून पोटभर रडून घेतलं. आपण कुठल्या भीतीने काय काय करून बसलो, टर्बोच्या दिवशी ते अंग जागं होण्यासाठी थरथरत होतं, सगळं त्याला एकदम कळत होतं. कळण्याला आता आनंदाची किनार होती. वहिनी डॉक्टरांना बोलवायला गेली.

ती दाराबाहेर जाताच दादाने हात सोडवून घेतला.

“चिकट तूच होतास,” तो म्हणाला. आवाज खरवडून निघत होता.

“कसं ओळखलंस?”

“चिकट तिऱ्यांवर कॉल करत नाही. एवढा वेळ हाताशी असताना तर मुळीच नाही. तुझे पत्ते उलटले तेव्हा कळलं मला. उशीर झाला होता.”

“दादा, तू माझ्यासाठी थांबला होतास ना? मला पाप नको म्हणून...”

“कसलं पाप, वेड्या? तू तिथे बसू नयेस म्हणून थांबलो होतो.” दादाने ओठ ओले केले. “तिथे वाईट कुणी नाही. कुणी काही करत नाही तुला. नुसते थांबतात. आपली पाळी येईपर्यंत हलता येत नाही, आणि कुणाला घाई नसते.”

“कोण आहेत ते? चेहरे आहेत त्यांना?”

“पाळी आली की असतात.” दादाने दाराकडे बघितलं, मग पुन्हा भावाकडे. “टेबलावरून उठून आलास ना? बटण दाबून?”

पायरीवाला आठवू लागला. फोन. वहिनीचा आवाज. खुर्ची मागे ढकलली, दार ओढलं, जिने उतरला. त्याच्या आधी, पडद्यावर... तो आठवत राहिला.

“बाळ्या, कचेरीत फोन लाव. कुणालातरी सांग, उठवा म्हणावं मला. आत्ताच्या आत्ता लाव.”

हो, सर्व्हरवालीला लावतो, असं पायरीवाला म्हणाला. म्हणजे म्हणायला गेला. फोन शर्टाच्या खिशात होता. तिकडे हात न्यायचा होता आणि न्यायला काहीच हरकत नव्हती, कुणी धरलेलं नव्हतं, दुखत नव्हतं. फक्त त्याच्या डाव्या बाजूला कुणीतरी अजून विचार करत होतं. त्याच्यानंतर आणखी एक होता, आणि त्याच्यानंतर आणखी. यंत्राचा आवाज लांबून यायला लागला. कुठेतरी खूप हळू एक पत्ता पडला.

वहिनी डॉक्टरांना घेऊन आत आली. तिचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा उजळला होता.

“भाऊजी, जरा उठता का? डॉक्टरांना बसू द्या.”

तो तिच्याकडेच बघत होता, डोळे उघडे, ओठ किंचित विलग. हललाही नाही.

“भाऊजी?” तिने त्याच्या खांद्याला हात लावला. “अहो, असे काय बसलात? उठा ना.”

“त्याला हात लावू नकोस,” दादा म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. “त्याची पाळी नाही अजून.”